जुबेदाखालाच्या वेली

जुबेदाखाला कुणाच्याही घरून रिकाम्या हाताने परतत नाही. तुमच्या कुंपणावर एखादी फुललेली वेल असेल, तर तिची वीतभर काडी ओल्या रुमालात गुंडाळून खालाच्या पर्समध्ये गेलीच म्हणून समजा. लग्नाला जाते, बारशाला जाते, एकदा तर मयतीला जाऊन लसूणवेल घेऊन आली. मी म्हटलं, "खाला, मागितली असती तर दिली नसती का त्यांनी?"

"मागून आणलेली काडी जगत न्हाय, मास्तर. न विचारता आणलेली बघ कशी तरारते."

दिघीत आमची भिंतीला भिंत. मी शाळेत शिकवतो म्हणून ती मला मास्तर म्हणते आणि वयाने मोठी म्हणून अरेतुरे करते. एकदा श्रीवर्धनहून एसटीने आम्ही बरोबर येत होतो. घसा सुकलाय म्हणून तिने चार जणांकडून पाणी मागून घेतलं आणि घोटही न पिता सगळं पर्समध्ये ओतलं. कंडक्टर तिकीट द्यायचं विसरून बघत राहिला. आत बोगनवेल होती.

या सगळ्या चोरीच्या मालात मधुमालती सर्वांत जोरकस निघाली. आधी पेरूवर चढली, मग कपड्यांच्या दोरीवर, तिथून माझ्या कौलांवर आणि शेवटी टीव्हीच्या छत्रीवर. माझ्या बातम्या बंद पडल्या. तक्रार घेऊन गेलो तर म्हणते, "बातम्यांत कवा चांगलं येतं? त्यापेक्षा फुलं बघ." मी गुपचूप एक फांदी मोडली. ते तिला कसं कळलं देव जाणे, पण आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिच्याकडून येणारी घावनंही बंद झाली. घावनांचं मला जास्त लागलं.

तिचा एकुलता एक मुलगा इम्रान कुवेतला असतो. त्याने पैसे पाठवून घरावर मजला चढवला आणि लग्न करून बायकोलाही तिकडे नेलं. मजला कुलपातच राहिला. मधुमालतीने त्याच्या दोन्ही खिडक्या अशा झाकून टाकल्या, की तिथे खिडक्या आहेत हे मीसुद्धा विसरलो होतो.

गेल्या एप्रिलमध्ये हीच बाई कोयता घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"शिडी आण, मास्तर. वरच्या खिडक्या मोकळ्या करायच्यात. इम्रान येतोय, सुनेला आणि नातीला घेऊन. नात दोन वर्सांची झाली, अजून मांडीवर घेतली न्हाय."

मी शिडीवर चढलो. खाली ती पडलेल्या फांद्या गोळा करत होती. मी वरून चिडवलं, "एवढं तोडायचं होतं, तर वेल वर जाऊ कशाला दिलीत?"

"जाऊ दिली न्हाय. मीच दोरी बांधून वर धाडली. अंगणात बसलं की त्या बंद खिडक्याच दिसायच्या. बरं वाटत न्हवतं."

इतकी वर्षं मी त्या वेलीला आगाऊ समजत होतो. मी पुढची फांदी तोडायला घेतली.

यायच्या चार दिवस आधी इम्रानचा फोन आला. रजा नामंजूर झाली होती, आता पुढल्या वर्षी बघू म्हणाला. मी समजूत घालायला गेलो आणि नेमकं नको ते बोललो, "पावसात वेल परत चढेल खाला, दोरी मी बांधून देतो."

"नको," ती म्हणाली. "आता उघड्याच राहू दे."

तेव्हापासून ती रोज सकाळी जिना चढून दोन्ही खिडक्या उघडते आणि तिन्हीसांजेला लावून येते. गुडघे धरून, एकेक पायरी थांबत. मला ते बघवेना. एक दिवस म्हटलं, "खाला, किल्ली माझ्याकडे द्या. शाळेत जाता-येता मी उघडझाप करत जाईन."

"तू कशाला?" ती म्हणाली. "वरून जेटी दिसते. पलीकडून आगरदांड्याची फेरीबोट लागली, की कोण कोण उतरतंय ते मला बघायचं असतं."