बिनहाताच्या बाया

फॅशन म्हंजे कुणाला तरी कायतरी जमत न्हाय, त्याला दिलेलं इज्जतदार नाव. म्हातारी बोलतेय म्हणून हसू नगा. पुरावा येरमाळ्यात हाय, दैवशालाच्या शिलाई दुकानाच्या भिंतीवर.

माजी नात शिवरंजनी. तिला चित्रं कुणी शिकवली न्हाईत. मोबाइलात बघून बघून फॅशनच्या बाया रंगवायला लागली. कंबर मुठीएवढी, मान बगळ्याची, पाय असे लांब की बाई येरमाळ्यात हुभी राहिली तर टाच तेरखेड्यात. (तिथं फटाक्याचे कारखाने हायत, म्हणून टाच जपून टेकलेली.) सगळं झकास, फकस्त हात जमंनात. हात काढला की केळीचा घड दिसायचा.

दैवशालानं दुकानाची भिंत दिली, पण बजावलं, "रंजे, एक जरी केळ दिसलं ना, तर वरनं छापील फ्लेक्स लावीन. मग बस घरी भांडी घासत."

पोरीचा जीव त्या भिंतीत. मग तिनं समद्या बायांचे हात झाकले. एकीचे पाठीमागं, एकीचे पदरात, बाकीच्यांच्या बाह्याच गुडघ्यापोतर सोडल्या.

सदर भिंतीचा परिणाम असा झाला की बाया गुडघ्यापोतर बाह्या शिवून घ्यायला लागल्या. दर दहा बायांमागं अकरा. (अकरावी उमरग्याची. रांग मोडून घुसली, वर कानडीत भांडून गेली.)

आता असल्या बाहीत पीठ मळता येत न्हाय, धुणं तर न्हायच न्हाय. बाया नाइलाजानं बाजेवर बसल्या. प्रशासकीय निकड म्हणून गडी चुलीपुढं गेले. धूर एवढा झाला की तेरखेड्याचे कारखानदार चौकशीला आले, नवा कारखाना कुणी काढला म्हणून. गावचे पुढारी आण्णासाहेब, त्यांची भाकरी बघून तर त्यांच्याच म्हशीनं तोंड फिरवलं.

हेच आण्णासाहेब आधी म्हणायचे, "बायांची चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" आता गावचं शिष्टमंडळ घिऊन दारात. बोटांना चटके, मिशीला पीठ.

"पोरी, पाया पडतो. भिंतीवरच्या बायांना हात काढ."

"मला जमत न्हाईत, आण्णा."

"मग शिक की! आमी मरावं का उपाशी?"

"शिकते. पण समोर हात पायजेत, बघून काढायला. तुमी बसता का?"

बसले बिचारे. रोज दुपारी आण्णासाहेब परातीत पीठ मळणार, शिवरंजनी म्होरं बसून त्यांचे हात काढणार. पहिल्यांदा केळी, मग वांगी, मग भेंडी. (प्रगती भाजीभाजीनं होते.) एक दिवस अंगठा जमला. पोरगी वरडली, आण्णासाहेब परातीत पडले.

मग दैवशालाच्या भिंतीवर नवं चित्र आलं. समदा येरमाळा गोळा. हात असे जितेजागते की माशी येऊन बोटावर बसली. शिरा, नखं, चटक्याचे डाग, समदं जिथल्या तिथं. दैवशालानं नाक लावून तपासलं. "केळ न्हाय," म्हणाली. "भिंत तुजी."

बायांच्या बाह्या मात्र तशाच गुडघ्यापोतर. हात होते ते त्यांच्या शेजारी रंगवलेल्या नव्या गड्याला. बगळ्याची मान, मुठीएवढी कंबर, बाह्या कोपराच्या वर, दोनी हात परातीत.

गड्यांत सध्या हीच फॅशन हाय. मिशीला पीठ नसलं तर सोयरीक जुळत न्हाय म्हणं.

आता तुमी. हे वाचायला तुमचे दोनी हात मोकळे हायत, न्हवं का? मग जरा आत डोकावून बघा, परातीत कुणाचे हायत.