बिनपिशवीची खंडेनवमी

"यंदाच्या खंडेनवमीच्या प्रसादाला कंपनीत प्लॅस्टिकची एक जरी पिशवी दिसली, तरी अर्धी मिशी उतरवून फिरेन!"

सदाशिव नगरकरनं हे जाहीर केलं ते थेट श्रीपादरावांच्या तोंडावर. श्रीपादराव म्हणजे चिंचवडच्या त्या कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर, आणि सदाशिव त्यांच्या हाताखालचा, अजून कायम न झालेला असिस्टंट. कायम झाला की आकुर्डीत कंपनीचं क्वार्टर मिळणार होतं. तोवर त्याची बायको शुभदा काळेवाडीतल्या एका खोलीत, नळावर भांडत दिवस काढत होती. एवढं पणाला लागलेलं असताना माणसानं गप्प बसावं की नाही? पण गप्प बसेल तर तो सदाशिव कसला!

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं बरं का. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की प्रत्येक कामगाराला पाव किलो बुंदी मिळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीतून. बुंदी घरी पोचायच्या आत संपायची, पिशवी काही संपायची नाही. गेल्या वर्षी या पिशव्यांनी कँटीनमागचं गटार असं तुंबवलं, की लोक नाकाला रुमाल लावून जेवले!

"मग बुंदी देणार कशात?" श्रीपादरावांनी विचारलं.

"सोप्पं आहे साहेब! ज्यानं त्यानं घरून भांडं आणायचं!"

"बघा हं. जमलं तर लगेच कायम करतो. फसलं तर..." साहेब त्याच्या मिशीकडे बघत चष्मा पुसत बसले.

फाटकावर नोटीस लागली, 'प्रसादासाठी घरून भांडे आणावे.' भांडं केवढं, ते लिहायचं राहिलं. सदाशिवच्या डोळ्यांपुढे शुभदाचा पोळीचा डबा होता. जगात भांडं म्हणजे तेवढंच, अशी त्या भाबड्याची समजूत!

खंडेनवमी उजाडली. झेंडूच्या माळा घालून यंत्रं नटली, आरती झाली, पहिली शिफ्ट रांगेत उभी राहिली. वाढायला कँटीनचा आचारी सावळाराम, चाकणकडचा. पहिले चारदोन डबे बरे गेले. आणि मग आला गेनबा! हा गडी रोज सकाळी आकुर्डीत दुधाचा रतीब घालून मग कामावर यायचा. त्यानं दुधाची किटलीच पुढं केली. लख्ख घासलेली, गुडघ्याएवढी!

"अरे, हे काय?" सदाशिव किंचाळला.

"भांडं! नोटिशीत तेच ल्हिवलंय न्हवं?"

"सावळाराम, त्यात चिमूटभर घाल!"

सावळारामनं दोन्ही कानांना हात लावले. "सणाचं भांडं उणं भरायचं? न्हाई साहेब! भांड्याची लक्ष्मी रुसंल. आमच्यात असलं करत न्हाईत!"

आणि त्यानं किटली शिगोशीग भरली. सदाशिवनं त्याच्या हातातला डाव ओढला, तर पठ्ठ्या परातीनं ओतायला लागला!

झालं! रांगेतले डबे पटापट खांद्यावरच्या कापडी थैल्यांत गडप झाले. कुणी वॉशरूमची बादली आणली, कुणी कँटीनमधलीच कढई उचलली. "आमची लक्ष्मी काय सावत्र हाय व्हय?" ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. सावळारामच्या हाताला खंड नव्हता. पुण्य लागत होतं ना!

दुसरी शिफ्ट आली तेव्हा परातीच्या तळाला पाक चिकटला होता, बाकी शून्य. घरी असतानाच बातमी लागल्यामुळं हे लोक हंडे, घागरी घेऊन आलेले. सणाच्या दिवशी रिकामं भांडं घरी न्यायचं? एकानं हंड्यावर पाना हाणला. टण्ण! मग सगळेच सुटले. असा गजर झाला की श्रीपादराव चप्पल न घालताच धावत आले. 'पिशव्या असत्या, तर निदान वाजल्या तरी नसत्या!' सदाशिवला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. क्वार्टर गेलं, नोकरी गेली, आता शुभदाला तोंड कसं दाखवायचं?

युनियनचा पुढारी सोनबा पुढं झाला. "आमाला दुप्पट बुंदी पायजे. आन् ती पिशव्यांतच! सगळ्यांस्नी सारखी. वर पिशवीवर जबाबदार मानसाचं नाव छापा. वजन कमी भरलं, तर धरायचं कुनाला?"

"या नगरकरांचं छापतो," श्रीपादराव घाम पुसत म्हणाले.

"ह्ये कच्चे हायेत. उद्या पळाले म्हंजी? आदी कायम करा!"

आणि खरंच, सदाशिव तिथल्या तिथं कायम झाला! दिवाळीच्या आत एकेकाला दोन-दोन पिशव्या वाटल्या. प्रत्येकीवर ठसठशीत लाल अक्षरं, 'वजनास जबाबदार: स. वि. नगरकर'. उरलेल्या अर्ध्या मिशीचं विचारू नका.

क्वार्टर मिळालं. शुभदा हरखून गेली. पण खिडकी उघडावी, तर समोरच्या काट्यांच्या कुंपणावर शंभर ठिकाणी नवऱ्याचं नाव फडफडतंय! सदाशिव दर रविवारी काठी घेऊन स्वतःला काट्यांतून सोडवत बसायचा. वारा सुटला की परत तितकाच!

एके दिवशी किटल्या लावलेली सायकल थांबवून गेनबा कुंपणावरची लाल अक्षरं वाचू लागला. मग हळहळून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, साहेब. देहूच्या वाटंनं पार इंद्रायणीपतुर तुमीच हाय. आमी मरू, आमची नातवंडं मरतील, पर तुमी काय संपत न्हाई!"