टँकरची यादी आणि हिजरी ७६८

तर्कशास्त्र हे विज्ञान की कला, यावर युरोपात दोन शतके वाद झाला. मराठवाड्यात तो झाला नाही, कारण मराठवाड्यात मी होतो.

मी, प्रा. गुरुपादप्पा बिराजदार, एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे वर्गात विद्यार्थी नव्हते. त्यामुळे अध्यापनात कोणताही व्यत्यय आला नाही. निवृत्तीनंतर मी सत्यान्वेषण हा व्यवसाय पत्करला. आजवर सात प्रकरणे हाताळली आणि सातांतही अचूक निष्कर्षापर्यंत पोचलो. त्यांपैकी एकातही वस्तुस्थितीने माझ्या निष्कर्षाशी सहकार्य केले नाही. हा वस्तुस्थितीचा दोष आहे, आणि तिला तो मी वेळोवेळी लेखी कळवला आहे.

आठवे प्रकरण लातूरला आगगाडीने पाणी येत होते त्या उन्हाळ्यातले. मला कोणी बोलावले नव्हते. खऱ्या अन्वेषकाला बोलावावे लागत नाही. मी हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या कचेरीत सकाळपासून बसलो होतो. मी हयात असल्याबद्दल कचेरीची खात्री पटेपर्यंत माझ्याकडे मोकळा वेळ होता.

त्या काळी आमच्या भागात दोन गोष्टींची वाट पाहिली जात असे, पाऊस आणि नवा जिल्हा. दोन्हींचे अंदाज वर्तवणारे वेगवेगळे होते, विश्वासार्हता सारखीच होती. फरक एवढाच, की पावसासाठी कोणी सामान पाठवत नव्हते. नव्या जिल्ह्याचा अजून कागदही निघालेला नव्हता, पण त्याच्या भावी कचेरीसाठी चाळीस किलोमीटरवर एक खोली घेऊन ठेवली होती, आणि तालुक्यातालुक्यातून पंखे, कपाटे, खुर्च्या, संगणकाचे पडदे असा सरंजाम टेम्पोत घालून तिथे नेऊन कुलूपबंद केला जात होता. न जन्मलेल्या मुलाला चष्मा लावून ठेवावा, तशी ती दूरदृष्टी होती.

सोमवारी दुपारी सव्वादोनला टंचाई कक्षातून सिद्धेश्वरचा आवाज आला.

"यादी गायब हाय, साहेब."

मी उठलो. माझ्या आठव्या प्रकरणाने मला हाक मारली होती.

कक्षात तिघे होते. सिद्धेश्वर हा कंत्राटी संगणकचालक. अण्णाराव हे अव्वल कारकून. यांच्या सहीशिवाय तालुक्यात पाणी हलत नसे, आणि सहीनंतरही फारसे हलत नसे. जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या कमलम्मा या बोरतळवाडीच्या सरपंच. त्यांच्या गावात टँकरची खेप येऊन पाच दिवस झाले होते. तीनशे माणसे, चाळीस गाईम्हशी आणि आडात उरलेला चिखल, एवढा त्यांचा हिशेब होता.

"मंजुरी झालीय, सर," कमलम्मांनी मला हातातला कागद दाखवला. "सही हाय, शिक्का हाय. टँकर भरायच्या जागेवर उभा हाय. पण तिथला माणूस म्हणतो, कागद चालत न्हाई, कंपुटरातून निघालेल्या यादीवर नंबर पायजे. यादी चारपर्यंत गेली तर आज खेप, न्हाईतर गुरुवारी."

"गुरुवारपर्यंत थांबता येणार नाही?"

"मला येईल की. म्हशीला सांगून बघा तुम्ही."

मी खुर्ची ओढून तपास सुरू केला.

"सिद्धेश्वर, यादी अखेरची कोणी पाहिली?"

"मीच, सर. शनिवारी संध्याकाळी. पडवीतल्या लोकांनी बी पाहिली. आज प्रोग्रॅम चालू करून राहिलो तर चालू होतो, पण दिसंना. हे बघा, खाली पट्टीत निशाण पेटलंय. म्हंजे हाय. पण विंडो कुठंच न्हाई."

"जे आहे पण दिसत नाही, त्याविषयी आपल्याकडे उपनिषदांपासून चर्चा आहे," मी म्हणालो.

"चर्चा चारनंतर करा की, सर," कमलम्मा म्हणाल्या.

सिद्धेश्वरने जिल्ह्याच्या तंत्रज्ञाला फोन केला होता. तंत्रज्ञाने यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले होते. ते सहा वेळा झाले होते. सातव्या वेळी तंत्रज्ञानेच फोन बंद केला होता.

माझा पहिला सिद्धान्त चोरीचा होता. यादी नाहीशी होण्यात कोणाचे हित आहे? ज्याला पाण्याची कमतरता नाही त्याचे. मी खोलीत नजर फिरवली. अण्णारावांच्या टेबलाजवळ माठ होता, आणि तो भरलेला होता.

"अण्णाराव, हा माठ भरलेला कसा?"

"घरून आणतो, सर."

"कोणीही अपराधी हेच म्हणेल."

"निरपराधी काय म्हणेल मग?"

या प्रश्नाचे उत्तर तर्कशास्त्रात आहे, परंतु ते दीर्घ आहे. शिवाय सिद्धेश्वरने हळूच सांगितले की अण्णारावांना यंत्र चालू करायचे बटण कोणते हेही माहीत नाही, आणि अण्णारावांनी ते अभिमानाने मान्य केले. पहिला सिद्धान्त मी मागे घेतला नाही, राखून ठेवला.

दुसरा सिद्धान्त निसर्गशास्त्राचा होता. उन्हाळ्यात बेडूक चिखलात खोल जाऊन निपचित पडून राहतो. तो असतो, दिसत नाही. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होते. कक्षातला पंखा महिन्यापूर्वीच नव्या जिल्ह्यात गेला होता. तेव्हा प्रोग्रॅमही ग्रीष्मनिद्रेत असणे हेच सयुक्तिक होते. मी यंत्रावर ओले फडके घालण्याची आज्ञा केली.

कमलम्मा फडक्याकडे पाहत राहिल्या.

"पाणी कुठलं घेतलं?"

"माठातलं," सिद्धेश्वर म्हणाला.

"अर्धा तांब्या गेला असंल."

फडके दहा मिनिटे राहिले. प्रोग्रॅम जागा झाला नाही. कमलम्मांनी उठून ते कुंडीतल्या वाळत चाललेल्या तुळशीवर पिळले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

तेव्हा सिद्धेश्वरने ती फाईल उघडली, जिच्यामुळे हे प्रकरण सामान्य प्रकरणांच्या रांगेतून बाहेर पडले.

"प्रोग्रॅम बंद होताना ह्या फायलीत आपलं सगळं लिहून ठेवतो, सर. विंडो कुठं होती, केवढी होती. पुन्हा उघडताना हेच वाचून तशीच मांडतो."

पडद्यावर चार आकडे होते. डावीकडून १३६६. वरून ०. रुंदी १०२४. उंची ७६८.

इतर कोणी ते आकडे वाचले असते. मी ते ओळखले. इसवी सन १३६६ मध्ये जे हिजरी वर्ष लागते, ते ७६८. एकाच फायलीत, दोन ओळींच्या अंतराने, एकच वर्ष दोन कालगणनांत कोणी तरी लिहून ठेवले होते. ज्यांच्या आजोबांच्या जमिनीचे कागद फसलीत, लग्नपत्रिका शकात आणि जन्मतारखा शाळामास्तरांच्या मर्जीत लिहिल्या गेल्या, त्या आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना आकडा दिसला की तो कोणत्या सनातला, हा प्रश्न आधी पडतो. पुण्याच्या माणसाला हे सुचले नसते.

"बहामनी," मी म्हणालो.

"कोण?" अण्णारावांनी विचारले. "कुठल्या सर्कलचे?"

मी त्यांना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बारा मिनिटांत सांगितला. बहामनी म्हणजे किल्ले, आणि आपल्या हाताशी असलेला किल्ला औशाचा. यादी चोरणारा विद्वान आहे, ती त्याने औशाच्या किल्ल्यात दडवली आहे, आणि विद्वानाला शोभेल अशी खूण मागे ठेवली आहे.

"आणि शून्य?" सिद्धेश्वरने विचारले.

"तळमजला."

"एक हजार चोवीस?"

एक हजार चोवीस मला अडचणीचे होते. ते मी बाजूला ठेवले. तपासात असे करावेच लागते.

"तर औशाची बस किती वाजता आहे?" मी विचारले.

अण्णारावांनी बसचे वेळापत्रक शोधण्यासाठी खण उघडला. घड्याळात तीन पंचवीस झाले होते. कमलम्मा उठल्या आणि पडवीच्या जाळीपाशी गेल्या. जाळीतून आत पाहिले, बाहेर पाहिले, पुन्हा आत पाहिले.

"सिद्धू, हितं तो टीव्ही होता नव्हं? लोकांकडं तोंड करून ठेवलेला?"

"हाव. दुसरा पडदा होता, मावशी. लोक माझ्या खांद्यावर येऊन यादी वाचायचे, काम करू देईनात. म्हून तो जाळीला लावला आन् यादी ओढून त्याच्यावर नेऊन सोडायचो. लोक बाहेरूनच वाचायचे."

"कुठं गेला?"

"रविवारी टेम्पो आला. नव्या जिल्ह्याला गेला."

"आन् शनिवारी बंद केली तवा यादी कुठं होती?"

"त्याच्यावरच."

कमलम्मांनी पदराने मान पुसली.

"आमच्या गंगीचा गोठा अवंदा पाडला. नवा बांधला, पत्र्याचा. गाय रानातनं सुटली की अजून जुन्या जागंवर जाऊन उभी राहती. तिथं ना भिंत, ना दावण. मी नव्या गोठ्यात बघत बसले तर घावंल का मला? तुझी यादी बी तशीच आपल्या जुन्या जागंवर जाऊन उभी असंल."

सिद्धेश्वर पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने कपाळाला हात लावला.

"सर, ह्या पडद्यावर आडवे एक हजार तीनशे सहासष्ट ठिपके मावतात. तिथं हा संपतो. यादी तिथंच उघडून राहिली, म्हंजे बरोबर ह्याच्या कडंच्या पलीकडं. दुसऱ्या पडद्यावर. आन् सातशे अडुसष्ट म्हंजे नुसती तिची उंची हो."

"हिजरी नव्हे?"

"न्हाई, सर."

मी औशाची बस सोडून दिली.

सिद्धेश्वरने घाईघाईने १३६६ खोडून तिथे शून्य लिहिले, फाईल जतन केली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. काहीच दिसले नाही. फाईल पाहिली. १३६६ परत येऊन बसले होते.

"भूतबाधा," अण्णाराव म्हणाले. मी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिले; त्यांच्यात गुण होते.

"बंद होताना तो आपली जागा पुन्हा लिहितो," सिद्धेश्वर पुटपुटला. "मी लिहिलेलं त्यानं पुसलं."

"मग त्याला आधी बंद होऊ दे की," कमलम्मा म्हणाल्या. "त्याचं लिहून होऊ दे. मागनं तू लिही. गाय दाव्याला ओढून राहिली तवा खुंटा बदलत न्हाईत, बाबा."

तीन सत्तेचाळीसला प्रोग्रॅम बंद झाला. तीन अठ्ठेचाळीसला शून्य लिहिले गेले. तीन एकोणपन्नासला यादी पडद्यावर उघडली, डाव्या कडेला नीट टेकून, जणू ती कुठे गेलीच नव्हती. बोरतळवाडीची नोंद झाली, क्रमांक सतरा मिळाला, आणि तीन छप्पनला यादी टँकर भरण्याच्या जागी पोचल्याचे तिथल्या माणसाने फोनवर कबूल केले.

राहिला होता विलंबाच्या कारणाचा रकाना. अण्णारावांनी पेन माझ्याकडे केले. लेखनाची जबाबदारी ते सहसा विद्वानांवर सोपवत. मी लिहिले : "यादी दिवसभर उघडीच होती. फक्त नव्या जिल्ह्यात."

अण्णारावांनी चष्मा लावून वाक्य वाचले, चष्मा काढला आणि पुन्हा वाचले.

"खरं हाय, सर. पण असं लिहिता येत न्हाई."

"का?"

"तो जिल्हा अजून झाला न्हाई. न झालेल्या जिल्ह्यात यादी उघडली असं मी सहीनं कसं देऊ?"

"पडदा दिला होता ना सहीनं?"

"पडद्याला कारण लागत न्हाई," अण्णाराव म्हणाले, आणि माझे वाक्य खोडून त्यांनी 'तांत्रिक अडचण' असे लिहिले. एकतीस वर्षे मी विसंगतीची उदाहरणे ग्रंथांतून शोधून फळ्यावर लिहीत आलो. कचेरीत ती शिक्क्यासह मिळतात, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी कमलम्मांकडे वळलो. प्रकरण सुटले असले तरी ७६८ आणि १३६६ यांचा मेळ मला योगायोग वाटत नाही, हे त्यांना समजावून सांगणे मला आवश्यक वाटले.

"टँकरसंगं चला, सर," त्या म्हणाल्या. "वाटंनं सांगा. ड्रायव्हर बी ऐकंल, त्याला डुलकी लागती."

मी गेलो. केबिनमध्ये मी बहामनी राज्याच्या स्थापनेपासून प्रारंभ केला. ड्रायव्हर जागा राहिला. त्याने दोनदा गिअर चुकवला आणि एकदा, मोकळा रस्ता असताना, दीर्घकाळ हॉर्न वाजवला. बोरतळवाडीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. वेशीपासून देवळापर्यंत घागरी, कळश्या, प्लास्टिकचे डबे ओळीने मांडलेले होते. त्यांच्यामागे माणसे होती, माणसांमागे जनावरे.

"हे कोण साहेब आणले?" घागर घेऊन पुढे आलेल्या एका बाईने कमलम्मांना विचारले.

"तपास करतेत," कमलम्मा म्हणाल्या. "शिकलेले हायत. पाईप धरायला लावा."

मी पाईप धरला.