कोट धुवू नये

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता आईने कोट धुण्याच्या मशीनमध्ये टाकला. मुलगी अंघोळ करून बाहेर आली तेव्हा मशीन शेवटच्या गिरक्या घेत होते आणि घरभर गुलाबाचा वास सुटला होता.

"आई, माझा कोट कुठाय?"

"कोट म्हणतेस त्याला? मेलेल्या माशाला बाह्या शिवल्या होत्या नुसत्या."

"मी तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून?"

"कुठे लावला? चिमट्याने उचलला."

मुलीने मशीनचे दार उघडले आणि तिथेच फरशीवर बसली. आत नारिंगी रंगाचे काहीतरी होते. त्याला कोट म्हणायला धीर लागला असता.

कोट तिचा नव्हता, हा खरा घोटाळा होता. मुलगी ध्रुवाकडच्या बर्फावर संशोधन करत होती आणि तिच्यासारख्याच नवख्या संशोधकांनी काढलेल्या एका मंडळाची चिटणीस होती. ज्यांना विचारायला संस्थेत कोणी नाही, त्यांनी निदान एकमेकांना विचारावे, एवढाच मंडळाचा हेतू. मंडळाला कचेरी नव्हती, निधी नव्हता. कोट मात्र होता. पिसे भरलेला, गुडघ्यापर्यंतचा. तसला कोट नवख्याच्या ऐपतीबाहेरचा, आणि संस्था तो वरिष्ठांना देते, जे बहुतेक वेळ हीटरशेजारी असतात. म्हणून मोहिमेवरून परतलेल्याने तो पुढे निघालेल्याला द्यायचा, अशी रीत पडली होती. ज्याच्याकडून कोट मिळाला तो आपला दादा किंवा ताई. ज्याला द्यायचा तो धाकटा किंवा धाकटी.

नियम एकच होता: कोट धुवायचा नाही. पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात आणि गोळे ऊब देत नाहीत. शिवाय त्या कोटाला पेंग्विनांच्या वसाहतीचा अस्सल वास होता. मंडळात त्या वासाला मान होता. "वास गेला की ऊब गेली," असे मुलीला तिच्या दादाने कोट देताना गंभीरपणे बजावले होते.

आणि धाकटी त्याच संध्याकाळी कोट न्यायला येणार होती. पुढच्या आठवड्यात तिची बोट सुटणार होती. पहिलीच मोहीम. बोटीवर चढण्यापूर्वी कपडे तपासतात. पुरेसा उबदार कोट नसेल तर बंदरावरूनच परत पाठवतात.

"मग सांगायचं नाही का नीट," आई म्हणाली. आता तिचाही आवाज उतरला होता. "खालच्या काकू रोज वर येऊन विचारत होत्या, उंदीर मेलाय का तुमच्याकडे. मी किती दिवस नाही म्हणू?"

बाबा आयुष्यभर विम्याच्या नुकसानीची पाहणी करून निवृत्त झाले होते. चष्मा लावून त्यांनी कोट दोन बोटांनी चाचपला. "पाठ रिकामी. सगळा माल खालच्या शिवणीत जमलाय. बटाटे भरल्यासारखा."

"यावर उपाय सांगा ना, बाबा."

"आम्ही उपाय सांगत नसू. आम्ही नुकसान किती ते सांगायचो."

तरी त्यांनी पुढाकार घेतला. कोट गॅलरीतल्या दोरीवर टाकला. भिजलेल्या पिसांच्या वजनाने दोरी तुटली आणि कोट खालच्या काकूंच्या गॅलरीत, त्यांच्या नुकत्याच रंगवलेल्या खुर्चीवर जाऊन बसला. तो काकूंनीच वर आणून दिला. पाठीवर आता खुर्चीच्या हिरव्या पट्ट्या होत्या.

"उंदीर मेला नव्हता म्हणायचा," काकू म्हणाल्या. "भिजला होता."

मग बाबांनी कोट छताच्या पंख्याला टांगला आणि पंखा एकवर ठेवला. कोट एखाद्या वरिष्ठ शास्त्रज्ञासारखा बाह्या पसरून सावकाश सगळ्यांकडे पाहत फिरू लागला. पाचव्या फेरीला काखेतली शिवण उसवली आणि खोलीत पिसे उडाली. आईने पिसे गोळा केली, शिवण घातली. मुलीने केस वाळवायचे यंत्र लावले. बाबांनी इस्त्री गरम केली. आईला वाटले, आपण आणखी काहीतरी करावे. तिने मशीन पुन्हा नुसतेच पिळायला लावले. फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली.

दुपारी मंडळाची मासिक सभा होती. कॉम्प्युटरवर भरणारी ही सभा मुलगीच चालवत असे. सभासद पुष्कळ होते, पण येत चौघेच, आणि त्यातला एक झोपलेला असे. धाकटी नियमाने यायची, पण कॅमेरा बंद ठेवून. आजवर ती एकच वाक्य बोलली होती: "माझा आवाज येतोय का?" येतोय म्हटल्यावर ती गप्प झाली होती.

सभा रद्द करणे शक्य नव्हते. झाला प्रकार धाकटीला सांगायलाच हवा होता. वीज नव्हतीच. मुलगी कॉम्प्युटर आणि कोट घेऊन खालच्या काकूंच्या दारात उभी राहिली.

"ये," काकू म्हणाल्या. "त्याला मात्र खुर्चीवर बसवू नकोस."

मुलीने सकाळीच मंडळाला निरोप धाडला होता, तोही वीज जाण्याआधी आणि रडवेल्या अवस्थेत: 'कोट धुतला गेला आहे. सभेत बोलू.' सभा उघडली तेव्हा तिला आधी वाटले, आपण चुकीच्या सभेत आलो. पडद्यावर चेहरे मावत नव्हते. दोन वर्षे तिने स्नेहमेळावे, व्याख्याने, गप्पांची सत्रे ठेवून पाहिली होती. एवढी माणसे कधी आली नव्हती.

"माझी चूक झाली," ती म्हणाली आणि कोट कॅमेऱ्यापुढे धरला. "आईने... नाही, आईला मीच नीट सांगितलं नव्हतं. पिसांचे गोळे झालेत. आणि वासही गेलाय."

मग दादाने घसा खाकरला.

"अगं, एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे असताना तो माझ्या सासूबाईंनी धुतला होता."

"काय? मग तो वास?"

"माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात ना औषधाच्या दुकानात? त्या फोडून अस्तराला चोळल्या. ताईला कळलं असतं तर तिने मला फाडून खाल्लं असतं."

दादाची ताई पडद्याच्या कोपऱ्यात होती. ती लाल झाली. "मी काय खाणार? तुला मी दिला तेव्हाचा वासही गोळ्यांचाच होता. माझ्या हातून तो आख्खा टबात पडला होता."

"तेलाच्या गोळ्या?" तिच्या आधीचा ओरडला. "मी तर मांजराचं खाणं वापरलं!"

सगळे आता ज्याने कोट पहिल्यांदा घातला त्याच्याकडे पाहू लागले. तो मंडळाचा संस्थापक होता आणि त्याचे केस विरळ झाले होते.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "मी पेंग्विन पाहिलेलाच नाही. मी बोटीवर समुद्राचं पाणी मोजत होतो. स्वयंपाकघराच्या दारात घसरून माशांच्या टोपलीत पडलो. परत आल्यावर सगळे म्हणाले, वा, काय पेंग्विनचा वास! मग नाही कसं म्हणणार?"

तेवढ्यात एक कॅमेरा उघडला. चष्म्यातली, सुटकेससमोर बसलेली एक मुलगी दिसली. धाकटी.

"माझा आवाज येतोय का?"

"येतोय," सगळे म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला कोणालाच काही येत नव्हतं?"

"काही म्हणजे काही नाही," संस्थापक म्हणाला.

"मी आज कोट न्यायला येणार नव्हते," धाकटी म्हणाली. "जाणं रद्द करते असं पत्र लिहून ठेवलंय. सर म्हणाले, ध्रुवावर कोणी कोणाचं बोट धरून जात नसतं. मला वाटलं, तुम्ही सगळे असेच, न घाबरणारे. मी बोटीवर उलट्या करणार, मला माहितीय."

"पहिले चार दिवस सगळेच करतात," दादा म्हणाला. "बादली आधी बघून ठेव."

मग जो तो बोलू लागला. कोणी हातमोज्याला दोरी बांधायला सांगितली, कोणी बोटीवरच्या स्वयंपाक्याशी मैत्री करायला. पिसांच्या गोळ्यांवरचा उपायही त्यांनीच सांगितला: कपडे वाळवायच्या गरम हवेच्या मशीनमध्ये कोट आणि सोबत टेनिसचे चेंडू. चेंडू मारून मारून गोळे फोडतात. प्रत्येकाने तो गुपचूप शोधून काढला होता.

"सगळ्यांनी स्वतःपुरतं शोधलं," मुलगी म्हणाली. "आणि आपलं मंडळ कशासाठी आहे म्हणे?"

गरम हवेचे मशीन काकूंकडे होते. चेंडू काकूंच्या कुत्र्याचे होते. तो ते द्यायला तयार नव्हता. बाबांनी पाऊण तास त्याच्याशी बोलणी केली आणि तीन मिळवले.

संध्याकाळी धाकटी आली. सुटकेस घेऊनच आली. आईने दार उघडले आणि आधी माफी मागितली, मग जेवलीस का विचारले.

"वास हवाय का गं?" आई म्हणाली. "गोळ्या आणून ठेवल्यात मी."

"गुलाबाचाच राहू दे, मावशी. पेंग्विनांना तो आवडतो का, कोणी तपासलेलं नाहीये. तेवढाच एक विषय मिळेल."

शेवटची बातमी हाती आली तेव्हा मशीन काकूंच्या घरात धडधडत होते आणि कुत्रा त्यापुढे बसून भुंकत होता. शेजारी स्टुलावर बसलेल्या धाकटीने रद्द करण्याचे पत्र फाडले होते की नुसतेच घडी करून पर्समध्ये ठेवले होते, हे कोणी पाहिले नाही. कोटाची पाठ फुगली होती, हिरव्या पट्ट्यांसह. उजवी बाही वाळली होती. डावी अजून ओली होती.