बस्त्याच्या पिशवीतली मेथी

रविवारी सकाळी रंगनाथ शेवाळे यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात प्लास्टिकची पिशवी येणार नाही. आली तर मी तिला उंबऱ्याबाहेर उभी करीन."

"पिशवी उभी राहत नाही," छायाबाई म्हणाल्या.

"मुद्दा तो नाही."

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात सुपरवायझरकी करण्यात रंगनाथरावांचं आयुष्य गेलेलं. शनिवारी तिथे कुणी पाहुणे प्लास्टिकवर भाषण देऊन गेले आणि जाताना सगळ्यांना हात पुढे करून शपथ घ्यायला लावली. बाकीच्यांनी शपथ घेतली, वडापाव घेतला आणि मोकळे झाले. रंगनाथरावांनी ती मनावर घेतली. त्यांचं मनच तसं आहे हो, त्यावर काहीही ठेवा, राहतं!

खरं सांगायचं तर त्या मनावर आधीच एक ओझं होतं. लेक निकिता हिला सटाण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा समर्थ नाशिकलाच बँकेत होता. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. भिमाजी खैरनार, सगळ्यांचे आबा, हे कांद्याचे व्यापारी. "सुपारी फोडू की," ते दर वेळी म्हणायचे, "फक्त एवढा कांदा मार्गी लागू द्या." आणि कांदा काही मार्गी लागेना. भाव पडला की आबा म्हणायचे, थांबू, सुधारेल. भाव चढला की म्हणायचे, थांबू, अजून चढेल. इतकं चांगलं स्थळ हातातून निसटलं तर, या धास्तीने रंगनाथरावांना घास गोड लागत नव्हता. लग्न आपल्या हातात नाही, निदान पिशव्या तरी आहेत, असं म्हणून ते पिशव्यांच्या मागे लागले.

त्यांनी माळ्यावरून एक गठ्ठा खाली ओढला. पुतण्याच्या लग्नात कापड दुकानदाराने बस्त्याबरोबर दिलेल्या त्या पिशव्या. जाड कापड, दुहेरी शिवण, रंग लालभडक. एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरांत "शुभविवाह बस्ता".

"अहो, यांच्यावर बस्ता लिहिलंय," छायाबाई म्हणाल्या.

"लिहिलेलं कोण वाचतं? आत काय आहे ते महत्त्वाचं."

इथे रंगनाथराव चुकले. आमच्या सिडकोत लोक सगळं वाचतात. दुसऱ्याच्या हातातलं तर आधी वाचतात.

त्यात यांचा खाक्या कारखान्याचा. मेथीत बटाटा मिसळायचा नाही, बटाट्यात टोमॅटो नाही. प्रत्येक मालाला वेगळी पिशवी. बाजारातून परतताना स्कूटरच्या दोन्ही मुठींना पिशव्या, पायाशी पिशव्या, मागच्या सीटवर दोरीने बांधलेल्या पिशव्या, आणि या लाल डोंगरात मध्ये कुठेतरी रंगनाथराव.

कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर गोरक्ष बसला होता. माणूस वाईट नाही, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्याने हात वर केला. "काय रंगनाथराव, आज एवढं सामान?"

रंगनाथरावांना थांबायची फार इच्छा होती. पण पायाशी टोमॅटोवर भोपळा बसला होता. ब्रेक दाबला असता तर टोमॅटोचं तिथेच सार झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढे गेले.

"बघितलंस?" गोरक्ष बायकोला म्हणाला. "पोरीचा बस्ता झाला आणि आपल्याशी बोलायलाही थांबला नाही. लपवायचं असल्याशिवाय माणूस असा जातो का?"

संध्याकाळी रंगनाथराव त्याच पिशव्यांतून गहू घेऊन गिरणीत गेले आणि पीठ घेऊन आले. गोरक्षाची खात्रीच पटली. सकाळी साड्या झाल्या, आता आहेराचं कापड! त्याचा साडू सटाण्याच्या कांदा मार्केटात कामाला. गोरक्षाने त्याला फोन लावला, तो कांद्याचा भाव विचारायला. भाव राहिला बाजूला. दुसऱ्या दिवशी लिलाव सुरू व्हायच्या आत मार्केटभर बातमी झाली की नाशिकच्या शेवाळ्यांनी पोरीचा बस्ता बांधला.

आता आपल्याकडची रीत अशी, की आधी सुपारी फुटते, मग दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात गादीवर बसतात, दहा साड्या नाकारतात, दुकानदाराचा चहा पितात आणि बस्ता बांधतात. भिमाजी आबांनी साधा हिशेब केला. बस्ता तर झाला. गादीवर आपण नव्हतो. म्हणजे दुसरं कुणीतरी होतं.

सोमवारी संध्याकाळी रंगनाथरावांनी नेहमीप्रमाणे सटाण्याला फोन केला. "आबा, काय म्हणतो कांदा?"

"कांदा शे जागेवर," आबा म्हणाले. "माणसं जागेवर नाय राहिली. आम्हाला समजलं सगळं. आधी एक फोन करायचा होता, बस."

फोन बंद. रंगनाथरावांनी पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आपलं कुठे चुकलं, हे आठवत आढ्याकडे बघत पडून राहिले. गेल्या भेटीत चहात साखर कमी पडली होती का, इथपर्यंत विचार गेला. पिशवीपर्यंत मात्र गेला नाही.

मंगळवारी सुट्टी टाकून ते सकाळी दुधाला निघाले, तर गोरक्ष समोर येऊन उभा. "अभिनंदन. आम्हाला सांगितलं नाही, तरी आमचा राग नाही. कुठलं स्थळ केलं?"

"कसलं स्थळ?"

"आता बस्तासुद्धा झाला आणि कसलं स्थळ विचारता? रविवारी मी या डोळ्यांनी पिशव्या वाचल्या. साडूला सटाण्यात तेव्हाच सांगितलं मी, की आमचे रंगनाथराव कामाला एकदम चोख."

दूध न घेताच रंगनाथराव घराकडे पळाले.

"छाया, घात झाला. त्या पिशव्या लपव आधी. सटाण्याला वाटतंय आपण पोरीचं दुसरीकडे ठरवलं."

छायाबाई गॅसवर मोठ्या कढईत रवा भाजत होत्या. "हं," त्या म्हणाल्या.

"हं काय? स्थळ चाललंय हातचं आणि तुला शिरा सुचतोय?"

"रवा करपेल हो. तुम्ही लपवा ना."

रंगनाथराव एकटेच भिडले. भोपळा दिवाणाखाली गेला, बटाटे फ्रिजमागे गेले. बाकीच्या पिशव्या त्यांनी दोन हातांत घेतल्या, एक काखेत मारली, एकीचा बंद दातात धरला आणि बेडरूमकडे निघाले. तेवढ्यात दारात जीप थांबली.

भिमाजी आबा आले होते. मागे त्यांच्या पत्नी नवसाबाई. दार उघडंच होतं. दोघांनी समोर पाहिलं. लाल पिशव्या घेऊन पळणारा मुलीचा बाप, आणि प्रत्येक पिशवीवर सोनेरी "शुभविवाह बस्ता".

"असू द्या पाहुणे," आबा जड आवाजात म्हणाले. "आता लपवून काय उपयोग?"

रंगनाथरावांना खूप बोलायचं होतं, पण दातात बंद होता. सोडला तर पिशवी पायावर पडेल. त्यांच्या तोंडून नुसता "अं अं" असा आवाज निघाला.

"आम्ही भांडाया नाय आलो," आबा म्हणाले. "एकच विचारतो. आमच्या पोरात काय कमी होतं?"

नवसाबाईंना एवढा धीर नव्हता. "बघू तरी, शालू कोणत्या रंगाचा घेतला," म्हणत त्यांनी रंगनाथरावांच्या काखेतली पिशवी ओढली आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो मेथीची जुडी घेऊन. त्यांनी दुसरी पिशवी ओढली. दोडके निघाले. तिसरीत हात घातला तो कोपरापर्यंत पांढरा होऊन बाहेर आला.

"हाई काय शे?" नवसाबाई आपल्याच हाताकडे बघत म्हणाल्या.

"पीठ," दातातला बंद सोडत रंगनाथराव म्हणाले. पिशवी पायावर पडलीच. ती कांद्यांची होती. पण त्यांना पायाचं भान नव्हतं, डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "आबा, तुमच्याशिवाय मी बस्ता बांधीन का हो? माझी लेक तुमच्याच घरात पडावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलोय. प्लास्टिक सोडलं मी, आबा. दुसरं काही सोडलं नाही आणि दुसरं काही जोडलंही नाही."

भिमाजी आबांनी एकदा मेथीकडे पाहिलं, एकदा बायकोच्या पिठाच्या हाताकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते सोफ्यावर बसून डोळे पुसत इतके हसले की जीपचा ड्रायव्हर आत डोकावला. नवसाबाई पिठाचा हात पुढे धरून हसत होत्या. रंगनाथरावांना हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. रात्रभर झोप नाही, पण जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज शेजारी ऐकू गेला असेल.

आबांच्या पायाशी एक कांदा घरंगळत आला होता. त्यांनी तो सवयीने उचलला, दाबला, हुंगला. "याला कोंब फुटाया लागला पाहुणे, फसवलं तुम्हाला." मग तो बाजूला ठेवून म्हणाले, "आमचा कांदा जाऊ द्या खड्ड्यात. सुपारी आजच फोडू. नाहीतर उद्या तुम्ही याच पिशव्या घेऊन दळणाला जाल आणि सटाण्यात लोक पंगतीला येऊन बसतील."

देवघरासमोर सुपारी फुटली. निकिताला कुंकू लागलं. समर्थ बँकेतून अर्ध्या तासात हजर झाला. त्याला इतक्या लवकर सुट्टी कशी मिळाली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांनी गरम शिरा पोटभर खाल्ला, आणि जीप हॉर्न वाजवत सटाण्याकडे गेली.

रंगनाथराव सोफ्यावर अंग टाकून बसले. निकिता पाणी घेऊन आली. त्यांनी मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "फार वाईट गेले बघ हे दिवस. पण तुला काही कळू दिलं नाही मी."

"पप्पा, मला काल दुपारीच कळलं. समर्थने फोन करून विचारलं, दुसरीकडे ठरलं का म्हणून. मी त्याला पिशवीतल्या दोडक्यांचा फोटो पाठवला."

"मग त्याने तो आबांना का नाही दाखवला?"

"दाखवला असता तर आबा आज आले असते का? अजून कांदाच विकत बसले असते."

रंगनाथरावांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. चिडायला हवं होतं, पण आतून इतकं हलकं वाटत होतं की राग धरायला काही सापडेना. शेवटी ते आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पण तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. ती हळवी आहे, मनाला लावून घेईल."

"पप्पा," निकिता म्हणाली, "एवढ्या माणसांचा शिरा काय आयत्या वेळी झाला?"

आतून छायाबाईंचा आवाज आला, "अहो, कढईत थोडा उरलाय. घेता का?"