वहीतला उ

एक काळा बूट, डाव्या पायाचा.

झाकण पक्कं बसल्याचा आवाज. टक्.

'शहाणपणा मोजायचं यंत्र'. माझ्या कामाला बायकोनं दिलेलं नाव.

पेन्सिलनं काढलेला एक उ, मुंगीएवढा.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि दुर्दैवानं तो माझ्यामार्फत आहे.

सुरुवात मात्र रुबाबात झाली होती. "द्रव बनवूच नका," मी प्रयोगशाळेच्या बैठकीत सांगून टाकलं. "कागदावर रेणूचं चित्र काढून द्या. तो किती दाट निघेल ते माझा संगणक सांगेल!"

द्रव म्हणजे आयनिक द्रव. सोप्या भाषेत मीठच, पण भट्टीत न घालता साध्या खोलीत वितळून बसलेलं. त्याच्या रेणूला इथं शेपटी जोडा, तिथं एक कडं लावा, की त्याचा स्वभाव बदलतो. एखादा पाण्यासारखा पळतो, एखादा माझ्या मेव्हण्यासारखा जागचा हलत नाही. या दाटपणाला पुस्तकात श्यानता म्हणतात. हा शब्द मी घरी एकदाच उच्चारला. बायकोनं 'शहाणता' ऐकलं आणि विचारलं, "ती मोजायला तुला ठेवलंय?"

संगणकाला शिकवायला जुने आकडे लागतात. ते होते मोजणीच्या खोलीत, ताईंच्या वहीत. ताई बावीस वर्षं एकच काम करत होत्या. द्रव काचेच्या नळीत भरायचा, तो खाली उतरायला किती वेळ घेतो ते बघायचं, आकडा लिहायचा. लिहिलेला आकडा त्या कधीच खोडत नाहीत.

वहीत अकराशे आकडे होते. त्यातल्या दोनशे चाळिसांपुढं पेन्सिलनं बारीक उ काढलेला. मी लगेच ओळखलं: उत्तम! ताई कशा आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या लग्नाचा फोटो पाहून "ठीक आहे" एवढंच म्हणालेली बाई, ती उत्तम काय उगाच देईल? उरलेले आठशे साठ मी बाजूला सारले आणि संगणकाला फक्त उत्तमांवर पोसलं.

निकाल बघून मला माझाच हेवा वाटला. अंदाज आणि मोजणी जुळ्या भावंडांसारखे दिसत होते!

आमच्या प्रमुख मॅडम खूश झाल्या. गुरुवारी कारखान्याचे इंजिनियर येणार होते. त्यांना वायू शोषून घेणारा आणि पंपातून सहज धावणारा द्रव हवा होता. माझा अंदाज त्यांच्यासमोर खरा ठरला, तर मोजणीची खोली रिकामी करून ताईंना गोदामात पाठवायचं, असं मॅडमनी ठरवलं.

हे शेवटचं मी ऐकलं, पण त्यात माझा काही हात आहे असं मला वाटलंच नाही. उलट, आता तुम्हाला आराम, अशी बातमी ताईंना मीच दिली.

"गोदामात?" ताई म्हणाल्या. हातातली नळी त्यांनी सावकाश पुसली. "तिथं मोजायला काय आहे?"

खोकी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. सुदैवानं तिथंच राहिलं.

गुरुवार. टेबलावर पंप, पंपाला काचेची वेटोळी नळी, खुर्च्यांवर मॅडम आणि इंजिनियर, दारापाशी ताई. फळ्यावर माझा अंदाज: चाळीस. पाणी एक धरलं, तर चाळीस म्हणजे खायच्या तेलाहूनही पातळ. संगणकानं सुचवलेला हा द्रव खास आजसाठी बनवलेला, आणि कारखान्याची अट म्हणून दोन दिवस वाळवून, त्यातलं सगळं पाणी काढून आणलेला.

मी बटण दाबलं. पंपानं एक हुंदका दिला. मग दुसरा. मग तो चौथ्या मजल्यावर कपाट चढवत असल्यासारखा कण्हू लागला. द्रव बोटभर सरकला आणि थांबला. मी वेग वाढवला. इंजिनियर म्हणाले, वाढवू नका. मी म्हणालो, काळजी नको, अंदाज चाळीसचा आहे.

नळीचा जोड उडाला!

पाणी सांडलं की माणसं पळतात. हा सांडला, तेव्हा आम्हाला खुर्च्या मागं घ्यायला, कागद उचलायला, तो नक्की कुणाकडं निघालाय यावर चर्चा करायलाही वेळ मिळाला. पंप बंद करायला मी पुढं झालो. पाय परत आला. बूट आला नाही.

ताई आपली नळी घेऊन आल्या. पंपात उरलेला द्रव त्यांनी तिच्यात भरला. आम्ही बघत बसलो. द्रव उतरत होता. उतरतच होता. इंजिनियरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"चोवीसशे," ताई म्हणाल्या.

मॅडमनी वही मागवली, चाळली आणि मिटली. "आकडे इथूनच घेतले होते ना? म्हणजे ताई, मोजणी तुमचीच चुकलीय."

ताई माझ्याकडं वळल्या. "तू कुठले आकडे घेतलेस?"

"फक्त उत्तम," मी म्हणालो. "उ वाले."

त्यांनी डोळे मिटले. मग फक्त मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "अरे, उ म्हणजे उघडी. झाकण उघडं राहिलेली बाटली. हे द्रव हवेतलं पाणी पितात आणि पातळ होतात."

म्हणजे माझ्या संगणकानं दोनशे चाळीस वेळा पाणी घातलेला माल चाखला होता आणि त्यालाच तो शास्त्र समजत होता.

मॅडम अजून ताईंकडं बघत होत्या, ताई जमिनीकडं. त्या स्वतःची बाजू मांडणार नव्हत्या. बावीस वर्षांत त्यांनी फक्त आकडे सांगितले होते. मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा असलेल्या माणसाला अब्रू सांभाळायची फारशी घाई नसते.

"मोजणी बरोबर आहे, मॅडम," मी म्हणालो. "वाचणारा गाढव आहे."

इंजिनियर हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. संगणक आता उ नसलेले आठशे साठ आकडे शिकतोय, आणि त्याचा प्रत्येक अंदाज आधी ताईंच्या नळीतून जातो. मलाही त्याच खोलीत टेबल मिळालंय. बाटल्यांची झाकणं माझ्याकडं आहेत. टक् ऐकू आल्याशिवाय ताई पुढची बाटली देत नाहीत. काल मी लावलेलं एक झाकण त्यांनी फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

घरी जाऊन मी हे बायकोला दोनदा सांगितलं.

वहीच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, चौकट आखून लिहिलेलं आहे: उ – झाकण उघडं. आकडा वापरू नये.