मेश्रामांची राखीव पलटण

आमच्या मजल्यावर दवाखान्यासारखा वास येतो. पाहुणे जिना चढता चढता विचारतात, "कोणी आजारी आहे का हो?" मी सांगतो, "नाही, समोरचे मेश्राम सैनिक धुतायत." पाहुणे पुढे काही विचारत नाहीत. पुण्यात खरं उत्तर दिलं तरी समोरच्याला तो टोमणाच वाटतो, त्याचा हा फायदा.

पण मेश्राम खरोखरच सैनिक धुतात. प्लास्टिकचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. रंगवलेला सैनिक मनासारखा झाला नाही, की त्याला जखमेवर लावायच्या अँटिसेप्टिकमध्ये बुडवायचा. दोन दिवसांत रंग सुटतो. मग जुन्या टूथब्रशनं घासून त्याला कोरा करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवायला घ्यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या घरी पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या. बरण्या अजून त्याच आहेत. मी एकदा भाबडेपणानं झाकण उघडायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, सबनीसभाऊ. पलटण भिजते आहे."

प्रल्हाद मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले आणि तेहतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच काम. मेश्राम निवृत्त झाले, भिंग काही झालं नाही. ते अजून सदऱ्याच्या खिशात असतं. दुधाची पिशवी, लग्नाची पत्रिका, सोसायटीची नोटीस, सगळं त्याच्याखालून जातं आणि बहुतेक वेळा निकाल एकच असतो: "फिनिशिंग नाही जी."

एका दिवाळीला आमच्या हिनं त्यांना करंज्या पाठवल्या. त्यांनी एक हातात घेऊन तिची कड न्याहाळली आणि म्हणाले, "चव उत्तम. फिनिशिंग नाही जी." पुढच्या वर्षी हिनं लाडू पाठवले. गोल वस्तूत फिनिशिंगचा प्रश्न येत नाही, असा तिचा हिशेब. मेश्रामांनी दोन लाडू शेजारी शेजारी ठेवले, वाकून पाहिलं आणि हळहळले, "दोन्ही एका मापाचे नाहीत." तेव्हापासून ही त्यांना चिवडा पाठवते.

हे सैनिकांचं प्रकरण सुरू झालं पाच वर्षांपूर्वी, मेश्रामांच्या पत्नी शालिनीवहिनी गेल्या त्या वर्षी. मुलगा सिद्धार्थ जर्मनीत असतो. त्यानं तिकडून एक खोकं पाठवलं. आत दोन फौजांचे कोरे सैनिक, फासे आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक. वर चिठ्ठी, "वेळ जाईल तुमचा, बाबा." मेश्रामांनी आयुष्यात कारखान्याच्या कँटीनमधल्या कॅरमपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. त्यांनी शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन ते पुस्तक तपासलं. वाचलं म्हणत नाही मी, तपासलं. छपाईच्या चुकांची यादी करून त्या परदेशी कंपनीला पाठवली. कंपनीनं आभाराचं पत्र पाठवलं. ते फाइलला लावलं आहे.

रंगकाम मात्र त्यांनी शिकून घेतलं. सैनिकाचे डोळे जमेनात म्हणून कसब्यातल्या माझ्या ओळखीच्या एका मूर्तिकाराकडे जाऊन बसायला लागले. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना तो माणूस श्वास कसा रोखतो, ते पाहून आले. महिनाभरानं त्या मूर्तिकारानं मला विचारलं, "तुमचे ते पाहुणे परत येणार आहेत का? नाही, माझ्या गणपतीच्या उजव्या डोळ्यात फिनिशिंग नाही म्हणाले, म्हणून विचारतो."

खेळ तसा सोपा आहे. जेवणाच्या टेबलावर प्लायवूड, त्यावर टेकड्या, ओढा, दोन झोपड्या. दोघांनी समोरासमोर बसायचं. आपल्या पाळीला पलटण ठरलेले इंच पुढे सरकवायची, फासे टाकायचे आणि समोरचे किती पडले ते मोजायचं. लोक म्हणे टेपनं मोजतात. मेश्राम कारखान्यातल्यासारखं व्हर्निअरनं मोजतात, केसाएवढा फरकही दाखवणाऱ्या मापपट्टीनं. मी एकदा माझा घोडेस्वार अर्धं सूत पुढे नेला, तर त्यांनी तो शांतपणे मागे घेतला. आणि त्यांच्या घरात पडलेला सैनिक मरत नाही. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती आहे. तिच्यासमोर कोणी मरायचं नाही, असा त्यांचा नियम. जो पडेल तो रजेवर जातो. त्याला उचलून घडी घातलेल्या टॉवेलवर आडवा करायचा, आणि पुढच्या रविवारी तो कामावर हजर.

टेबल असं कायमचं लढाईनं व्यापल्यामुळे मेश्राम ओट्यापाशी उभं राहून जेवतात. मी म्हटलं, "जेवायला तरी टेबल रिकामं करत जा." तर म्हणाले, "एका ताटासाठी कशाला, भाऊ?"

खेळाला दोन माणसं लागतात, ही मोठी अडचण. म्हणून मी. दर रविवारी संध्याकाळी पाचला आमची बेल वाजायची. मी विमा कंपनीत नोकरी केलेला माणूस. युद्ध म्हटलं की मला दावे आठवतात. पाच वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही. एकदा त्यांच्या आग्रहावरून एक सैनिक रंगवला. त्यांनी तो बराच वेळ भिंगाखाली धरला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "ह्याला काय झालं होतं जी?"

तरी मी जात राहिलो. समोर बसणारं कोणी आहे म्हटल्यावर हा माणूस दुपारपासून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार असायचा. ते पाहिल्यावर नाही म्हणणं मला जमायचं नाही.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी मेश्राम खेळायलाच बसेनात. टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. "सिद्धार्थ येतो आहे डिसेंबरात. चार दिवस पुण्यात. एक डाव खेळू म्हणाला." आणखी एक फेरी मारली. मग म्हणाले, "पोराबरोबर मी कधी काही खेळलो नाही, भाऊ. ह्या वेळी झालं पाहिजे." हा माणूस 'पाहिजे' हा शब्द मापांशिवाय कशालाही वापरत नसे.

मग तयारी सुरू झाली. अख्खी फौज पुन्हा तपासली गेली. निम्मी नापास होऊन बरण्यांत गेली. सैनिक कमी पडतील म्हणून मेश्राम माळ्यावर चढले, तर तिथे एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला. त्यात सिद्धार्थच्या लहानपणचे खेळण्यातले सतरा सैनिक. रविवार बाजारात मिळायचे तसले, हलके, हिरव्या प्लास्टिकचे. त्यांच्यावर कोणीतरी काहीतरी फासलेलं होतं. मेश्रामांना डबा उघडल्या उघडल्या शिसारी आली. "बघा, थर किती जाड. ओघळ पार बुटांपर्यंत. पोरानं केलं असेल." सतराच्या सतरा बरणीत गेले. रंग भलता चिवट निघाला, चार दिवस सुटेना. शेवटी दोघांनी बसून घासले. नऊ त्यांनी, आठ मी. मी मॅच ऐकता ऐकता घासत होतो. मग मेश्रामांनी ते असे रंगवले की कॉलरीची शिवणसुद्धा दिसावी, आणि टेबलाच्या एका कडेला उभे केले. त्यांना नाव दिलं राखीव पलटण.

सिद्धार्थ आला. शांत, सरळ मुलगा. बापासारखाच उभा राहतो. डावाला मेश्रामांनी मला पंच म्हणून बोलावलं होतं. दोघं समोरासमोर बसले. सिद्धार्थनं सगळी फौज मनापासून पाहिली, कौतुक केलं, आणि विचारलं, "बाबा, माळ्यावर एक बिस्किटांचा डबा होता. तो आहे अजून?"

"आहे म्हणजे? ही बघ. राखीव पलटण."

त्यानं एक सैनिक उचलला. उलटा करून पाहिला. मग दुसरा. "ह्यांचा रंग?"

"काढला. काय घाण काम होतं, लेका. चार दिवस बुडवले तेव्हा निघालं. सबनीसभाऊंनी पण घासले."

मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला जरा अभिमानच वाटला होता.

"ते आईनं रंगवले होते," सिद्धार्थ म्हणाला.

मेश्रामांचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला. सिद्धार्थच हसून सांगायला लागला. वातावरण हलकं करावं म्हणून हसत असणार. "तुमची सेकंड शिफ्ट असली की आम्ही खाली बसून खेळायचो. फरश्या मोजायचो, एका पाळीला दोन फरश्या. रंग कुठले असणार आपल्याकडे? नेलपॉलिश होतं ते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुमची स्कूटर वाजली की आई डबा कॉटखाली सरकवायची. तुम्ही बघितलं असतं तर नापास केलं असतं ना सगळं." मग बापाचा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, "असू दे, बाबा. तुम्ही फार सुंदर रंगवलेत. चला, पाळी कोणाची?"

तो चांगला खेळला. एकदाही फोन पाहिला नाही. मेश्रामांनाच खेळता येईना. व्हर्निअर हातात होतं आणि ते मोजायचं विसरत होते. सिद्धार्थनं एकदा स्वतःचाच घोडेस्वार चुकून लांब नेला, तोही त्यांनी मागे घेतला नाही. तासाभरात ते हरले. "छान झालं," असं म्हणून दोघं उठले. दोन दिवसांनी सिद्धार्थ सासुरवाडीला, नागपूरला गेला आणि तिकडूनच परत.

त्यानंतर तीन रविवार आमची बेल वाजली नाही. चौथ्या रविवारी मीच गेलो.

टेबलावर राखीव पलटण होती, पण पुन्हा कोरी. सतराही जण हिरवे, धुतलेले, ओळीनं उभे. शेजारी नेलपॉलिशच्या दोन नव्या बाटल्या, एक लाल, एक गुलाबी. मेश्रामांची दाढी वाढलेली होती.

"कोणता होता?" त्यांनी मला विचारलं. "सिद्धार्थला फोन केला. लाल असेल म्हणतो. मग म्हणे गुलाबी असेल. लहान होता तो. तुम्ही आठ घासले. तुम्हाला आठवते?"

मी आठवायचा प्रयत्न केला. गढूळ पाणी आठवलं, मॅच आठवली, कोण आऊट झालं तेही आठवलं. रंग आठवला नाही. मला माझीच लाज वाटली.

"मला पण नाही," मेश्राम म्हणाले. "मी पाहिलाच नाही. एकदा नापास केला की त्या मालाकडे मी बघत नाही. सवयच आहे." ते बाटली हातात फिरवत होते. "केसाएवढी चीर सापडायची मला, भाऊ. आणि बायकोची नखं कोणत्या रंगाची होती ते सांगता येत नाही."

मी घरी आलो. ही कोथिंबीर निवडत होती. तिची आणि शालिनीवहिनींची चांगली गट्टी होती. मी विचारलं, "मेश्रामवहिनी नेलपॉलिश कोणत्या रंगाचं लावायच्या गं?"

"त्या? कधीच नाही लावायच्या. वास सहन व्हायचा नाही त्यांना. मी लावून गेले तरी खिडकी उघडायच्या." मग तिचा हात थांबला. "पण बाटल्या मात्र घ्यायच्या हो. माझ्याबरोबर खडकी बाजारात यायच्या आणि दर वेळी नवा रंग. निळा, जांभळा, काहीही. मी म्हटलं, लावत नाही तर कोणासाठी घेता? तर म्हणाल्या, आहेत आमच्याकडे सतरा जण. मला वाटलं, थट्टा करतायत."

मी तसाच परत समोर गेलो आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. मेश्रामांनी ते उभ्यानंच ऐकलं. दोन्ही बाटल्या उचलून कपाटात ठेवल्या.

"वास सहन होत नव्हता तिला," ते म्हणाले. "तरी बसून रंगवले. मी येईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवत असेल." मग त्यांनी विचारलं, "ती मला भीत होती का जी?"

मी पुण्याचा माणूस. उत्तर तयार नाही असं माझं सहसा होत नाही. पण ह्या माणसाला गुळगुळीत उत्तर देणं मला जमेना.

"थोडं भीत असतील," मी म्हणालो. "आम्ही सगळेच थोडे भितो तुम्हाला."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. "मग तुम्ही येता काहून?"

"तुम्ही एकटे असता म्हणून."

हे मी पाच वर्षांत कधी बोललो नव्हतो. त्यांना ते लागलं असेल, असं मला वाटलं. पण ते फक्त म्हणाले, "बसा."

मी सवयीनं टेबलाच्या पलीकडे गेलो, माझ्या फौजेमागची खुर्ची ओढली आणि फासे हातात घेतले.

"तिकडे नको, भाऊ," मेश्राम म्हणाले. "आज इकडे बसा. माझ्याकडे."

मी फासे खाली ठेवले, खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेली, आणि आमच्याकडून जेवायची हाक येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.